उजवं सुकाणू

आमच्या तुलमाय बेटावरून आचाओच्या बाजाराला जाणारी लाँच एकच, ‘सांता ब्रिहिदा’. तिचे तांडेल एवारिस्तो लेव्हिकोय. मी त्यांच्या हाताखाली खलाशी होतो. दोर टाकायचा, बटाट्याची पोती चढवायची, मेंढ्या आवरायच्या, म्हाताऱ्याकोताऱ्यांना हात धरून उतरवायचं. लाँच लाकडी, जुनी, पोटात दोन इंजिनं आणि मागे पाण्याखाली दोन सुकाणू. तांडेलांच्या मेव्हण्याने ती आमच्याच किनाऱ्यावर बांधली होती. तो गेल्यावर तिची सगळी उस्तवार तांडेलांकडे आली. दरवर्षी पाऊस जरा हात आखडता घेतो तेव्हा ते तिला रंग द्यायचे. त्यांची मुलगी नोल्फा म्हणायची, "माझ्या लग्नात घराला रंग दिला नाही, हिला मात्र दरसाल नवा झगा."

सुकाणूचं चाक जड व्हायला कधी लागलं, ते नेमकं कुणालाच सांगता येणार नाही. असल्या गोष्टी एका दिवसात होत नाहीत. तांडेलांनी पहिल्यांदा बोलून दाखवलं ते आचाओला जातानाच, भर पावसात.

"रोसामेल, चाक जड लागतंय रे."

मी जाऊन चाकाच्या नळ्यांतलं तेल पाहिलं. तेल भरलेलं होतं. नळ्या कोरड्या होत्या, गळती कुठे नव्हती. तसं मी येऊन सांगितलं. केबिनच्या दाराशी ओर्तेन्सियाबाई बसल्या होत्या. बेटावरचं एकुलतं एक दुकान त्यांचं, आणि जीभही तशीच, सगळ्यांना पुरेल एवढी. त्या म्हणाल्या, "चाक होतं तेवढंच आहे, एवारिस्तो. आपलं वय मोजा जरा."

"तुमच्या तराजूत मोजलं तर कमीच भरेल, बाई," तांडेल म्हणाले.

लोक खो खो हसले. तेही हसले. पण त्यानंतर चाकाबद्दल त्यांनी चारचौघांत पुन्हा तोंडातून शब्द काढला नाही. मानी माणूस. इंजिन ठोकलं, तेल बदललं, नळ्या बदलल्या, सगळं स्वतःच्या हाताने केलं, आणि चाक तसंच जड राहिलं तेव्हा मुकाट्याने दोन्ही हातांनी ओढायला लागले. आधी ते एका हाताने वळण घ्यायचे आणि दुसऱ्या हातात माते, म्हणजे आमचा पानांचा कडू चहा, प्यायची वाटी असायची. ती वाटी कधी खाली ठेवली गेली, तेही आम्हाला समजलं नाही.

मग मार्चमध्ये तो प्रकार झाला. ओहोटीची ओढ जोरात होती, लाँच भरलेली, आचाओच्या उतरत्या धक्क्याला लागायचं होतं. तांडेलांनी नेहमीच्या जागी चाक फिरवायला घेतलं. मी पुढे दोर घेऊन उभा होतो. नाळ, म्हणजे लाँचचं पुढचं टोक, वळायला हवी होती, ती वळलीच नाही. मी मागे वळून पाहिलं तर काचेआड तांडेल चाकाला लोंबकळल्यासारखे दिसले, मान खाली, खांदे वर. त्यांनी इंजिनं उलटी टाकली, पण उशीर झाला होता. बांधून ठेवलेल्या एका कोळ्याच्या होडीची कड आमच्या नाळेखाली चिरडली. होडीत कुणी नव्हतं, देवाची कृपा. पण लाँचवर उभे असलेले लोक एकमेकांवर पडले आणि ओर्तेन्सियाबाईंचं मनगट मोडलं.

बाई तशाही अवस्थेत ओरडल्या, "आता तरी घरी बसा हो!"

तांडेलांनी त्यांना स्वतः धरून दवाखान्यात नेलं. परतीच्या वाटेवर चाकावर तेच होते, पण संथ, इतके संथ की पाऊस आम्हाला मागे टाकून पुढे निघून गेला.

नोल्फा तेव्हा आचाओलाच राहायची, मासे साफ करून डबाबंद करायच्या कारखान्यात कामाला होती. नवरा पुंता आरेनासला कामाला गेला तो तिकडचाच झाला. बापाच्याच आग्रहाने तिने लाँच चालवायचा परवाना काढून ठेवलेला होता. ती पुढच्याच दिवशी एका कोळ्याच्या होडीतून बेटावर आली. संध्याकाळी मी विचारायला गेलो, की लाँच निघणार का नाही. स्वयंपाकघरात चुलीशी सगळे बसले होते. तांडेलांची बायको एदुविनाबाई बटाटे किसत होत्या. मला बाकावर सरकून जागा दिली एवढंच.

मग नोल्फा म्हणाली, "बाबा, मी येते लाँचवर. कारखाना सोडते."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? काल मनगटावर भागलं. उद्या कुणी पाण्यात गेलं तर?"

"चाक जड आहे," तांडेल म्हणाले. अगदी हळू.

"चाक सगळं तपासलंत ना तुम्ही? तेल बदललं, नळ्या बदलल्या. मग काय राहिलं?" ती थांबली. तिला बोलायचं नव्हतं हे मला दिसत होतं, पण बोलल्याशिवाय बाप उठणार नाही हेही तिला माहीत होतं. "बाबा, तुमचे हात गेले. चाक तसंच आहे. तुमच्या हातात बळ राहिलं नाही."

एदुविनाबाईंचा हात किसणीवर थांबला. तांडेलांनी आपले तळवे वर केले आणि पाहिले, जसे काही दुसऱ्या कुणाचे आहेत. मग ते म्हणाले, "असेल. असेल तसं." आणि उठून लाकडं आणायला बाहेर गेले. लाकडं चुलीशी भरपूर होती.

दुसऱ्या दिवसापासून नोल्फा तांडेल झाली.

आता जे मला माहीत आहे ते सांगतो, कारण तिच्या पाठीशी मी उभा होतो. पहिल्याच फेरीत मला दिसलं की ती चाक ओढताना डावा पाय केबिनच्या फळीला रोवते. दुपारी परत आलो तेव्हा ती पोत्यावर बसून खांदा चोळत होती. मी म्हटलं, "जड आहे का गं?"

"पहिला दिवस आहे," ती म्हणाली. "सवय नाही."

आठवड्याने विचारलं, तर म्हणाली, "जास्त चौकशा करू नकोस, रोसामेल. बाई चाकावर बसली म्हणून आधीच सगळे टपून आहेत. ओर्तेन्सियाबाई गळ्यात हात बांधून रोज तोंडासमोर येऊन बसते, बघितलंस ना? मी जड म्हटलं की संध्याकाळपर्यंत बेटभर होईल, बापाला झेपलं नाही आणि पोरीलाही झेपत नाही."

ते खरंच होतं. आमच्याकडे बायका वल्ही मारतात, जाळी ओढतात, शिंपल्या काढायला गळ्याइतक्या थंड पाण्यात उतरतात, पण लाँचच्या चाकावर बाई दिसली की पुरुष खिडकीशी उभे राहून मार्गदर्शन करू लागतात.

रोज संध्याकाळी तांडेल तिला विचारायचे. मी कधी कधी तिथे असायचो. ते चुलीजवळच्या खुर्चीवर, ती बूट काढत असायची.

"कशी चालते?"

"छान चालते."

"वळणाला?"

"एकदम मऊ, बाबा. लोण्यासारखं फिरतं चाक."

ते मान हलवायचे. "बरं आहे," म्हणायचे. त्यात आनंद होता असंही नाही, दुःख होतं असंही नाही. पण प्रत्येक वेळी ते हात मांडीवरून उचलून स्वेटरच्या आत सरकवायचे.

मला वाटतं, आमच्याकडच्या जून ते ऑगस्टच्या त्या हिवाळ्यात त्यांनी हळूहळू सगळंच सोडून दिलं. आधी होडी वल्हवणं सोडलं. मग लाकूड फोडणं, ते शेजाऱ्याच्या मुलाकडे गेलं. एक दिवस मी गेलो तर एदुविनाबाई भाकरीसारखा जाड पाव कापून त्यांच्यापुढे ठेवत होत्या. बाईंनीच मला दारापर्यंत सोडताना सांगितलं, "तो म्हणतो, सुरी धरवत नाही. धरवते रे, मला माहीत आहे. पण तो म्हणतो."

मेव्हण्याचे आणि त्यांचे स्वतःचे रंधे, वासला, करवती, सगळी पेटी त्यांनी केनाक बेटावरच्या एका पुतण्याला देऊन टाकली. पुतण्या घ्यायला आला तेव्हा कानकोंडा झाला होता. "काका, ठेवा की तुमच्याकडे. लागली की मी नेईन." तांडेल म्हणाले, "धार मरण्यापेक्षा वापरात राहू दे." आमच्याच लाँचमधून ती पेटी गेली. नोल्फाने ती पाहिली आणि तोंड फिरवून समुद्राकडे बघत राहिली. तिला वाटलं असेल म्हातारपण आलं. आम्हा सगळ्यांना तेच वाटलं.

ऑगस्टच्या शेवटी काग्वाच बेटावरच्या जत्रेहून परतत होतो. लाँच गच्च. लोक गात होते, कुणाकडे अकॉर्डियन होता, मुलं पोत्यांवर झोपली होती. अर्ध्या वाटेत उत्तरेचा वारा सुटला. आमच्या बेटाच्या टोकाशी खडकांची रांग आहे, तिला वळसा घालून आत शिरावं लागतं. नोल्फाने चाक उजवीकडे घेतलं. अर्ध्यावर ते थांबलं. तिने पाय रोवला, ओढलं. थांबलेलंच. लाट मागून आली, लाँच आडवी व्हायला लागली. गाणं बंद पडलं.

"रोसामेल!" ती किंचाळली.

मी धावलो. मीही चाकाची एक दांडी पकडली. दोघांनी मिळून अंग टाकलं तेव्हा ते कुरकुरत वळलं, आणि नाळ वळली, आणि खडक डावीकडून मागे गेले. फार जवळून गेले. पाण्यातलं शेवाळ मला दिसलं.

आत शांत पाण्यात आल्यावर तिने इंजिनं हळू केली. तिचे दात वाजत होते. मी माझे तळवे पाहिले, चाकाची दांडी त्यावर लाल उमटली होती. मी तिच्या बापापेक्षा वीस वर्षांनी लहान आणि पोती उचलून कमावलेला माणूस.

"नोल्फा," मी म्हटलं, "हे चाक एका माणसाचं नाही."

ती खुर्चीवरून खाली सरकून फळीवर बसली आणि म्हणाली, "पहिल्या दिवसापासून असंच आहे."

"मग मला का नाही..."

"तुझं सोड, रे. बाबांना नाही सांगितलं. रोज त्यांना लोण्यासारखं फिरतं म्हणून सांगतेय."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मागची झडप उघडून आत उतरून पाहिलं. चाकाकडून तेल नळीने मागे येतं आणि एका दट्ट्याला ढकलतं. तो दट्ट्या सुकाणूच्या दांड्यावरच्या लोखंडी हाताला ढकलतो. दोन्ही सुकाणू एका आडव्या पट्टीने जोडलेली, एक वळलं की दुसरंही वळतं. एवढं मला माहीत होतं. पण त्यात दोष नेमका कुठे, हे शोधायचं कसं, ते माहीत असलेला माणूस बेटावर एकच होता, आणि तो चुलीशी बसला होता.

"आचाओहून मिस्त्री बोलावू," नोल्फा म्हणाली.

"आणि बाबांना काय सांगशील? मिस्त्री कशाला आला?"

तिने तोंडावरून हात फिरवला. "चल माझ्याबरोबर," म्हणाली. "एकटीने नाही होणार."

तांडेल खिडकीशी बसले होते. तिने बूट काढले नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाली, "बाबा, चाक जड आहे."

त्यांनी वर पाहिलं.

"काल खडकाशी अडकलं. रोसामेलने आणि मी मिळून ओढलं."

"कालपासून?"

मला वाटलं ती हो म्हणेल. हो म्हणणं सोपं होतं.

"नाही. मी आले तेव्हापासून."

एदुविनाबाई दुसरीकडे बघू लागल्या. चुलीत लाकूड तडतडत होतं. मग तांडेल जे बोलले ते बापासारखं नव्हतं, तांडेलासारखं होतं. "दट्ट्याची पिन काढून पाहिलीत का?"

"नाही."

"नाही म्हणे." ते उठले. "टोपी दे माझी."

ओहोटीला लाँच किनाऱ्यावरच्या गोट्यांवर बसली होती, दोन्ही बाजूंनी टेकू दिलेले. शिडीवरून चढताना मी त्यांच्या पाठीला हात लावला, तो त्यांनी झटकला. झडपेतून आत उतरले. पाना मागितला. पिन घट्ट बसली होती, त्यांनी स्वतःच हातोडीने दोन ठोके दिले आणि ती बाहेर काढली. त्या ठोक्यांत काही कमी होतं असं मला वाटलं नाही.

"नोल्फा, चाक फिरव."

वरून आवाज आला. चाक गरगर फिरत होतं. "बाबा, एका बोटाने फिरतंय!"

"म्हणजे पंप बरा, नळ्या बऱ्या, तेल बरं," ते म्हणाले. मला सांगत होते की स्वतःला, कोण जाणे. "जो काही अडथळा आहे तो इथून मागे. जोडपट्टी सोड."

मी पट्टीचे बोल्ट काढले. आता दोन्ही सुकाणू सुटी झाली. त्यांनी डावीकडच्या लोखंडी हाताला तळवा लावला आणि ढकललं. बाहेर सुकाणूचं पातं झुललं, गोठ्याच्या दारासारखं. मग उजवीकडच्याला ढकललं. हललं नाही. त्यांनी खांदा लावला. मी लावला. एक बोटभर सरकलं आणि थांबलं.

तांडेल मागे टेकून बसले. आत अंधार होता, पण त्यांचा चेहरा मला दिसत होता. ते हिशेब जुळवत होते. एक आठवण घ्यायची, बाजूला ठेवायची, दुसरी घ्यायची. चिरडलेली होडी त्यात असणार. बाईंचं मनगट असणार.

"इथे होतं ते," ते म्हणाले.

नोल्फा झडपेच्या तोंडाशी गुडघ्यांवर वाकली होती. "बाबा..."

"थांब. अजून संपलं नाही." त्यांचा आवाज चिडका होता. "दांड्याभोवतीचं, पाणी अडवायचं पॅकिंग जास्त आवळलं असलं तरी असं होतं. नट सैल कर, रोसामेल."

सैल केला. फरक पडला नाही. मग ते खाली उतरले, गोट्यांवर गुडघे टेकून पात्याखाली वाकले, बोटांनी पातं आणि बूड यांच्यातली फट चाचपली. "घासत नाहीये कुठे." मला आत जाऊन दांडा थोडा थोडा ढकलायला लावलं आणि स्वतः पात्याला कान लावल्यासारखे बसून राहिले. "दांडा वाकला असता तर एका जागी अडकला असता आणि दुसऱ्या जागी मोकळा सुटला असता. हा सगळीकडे सारखाच आवळलेला आहे."

"म्हणजे काय?" नोल्फाने विचारलं.

त्यांनी हातातला ओला गोटा खाली टाकला.

"म्हणजे बुश. दांडा ज्यातून जातो तो बुश फुगलाय. या बाजूचा जुना पितळी होता, झिजला होता. नवा पितळी तेव्हा मिळेना म्हणून मी नायलॉनचा बसवला. मासेपालनवाल्यांनी टाकून दिलेला एक जाड तुकडा होता, तो कातून घेतला. काय सुंदर बसला होता. केसाएवढी फट ठेवली होती मी. केसाएवढी." ते हसले, पण ते हसणं ऐकवेना. "नायलॉन पाणी पितं. हे मला माहीत असायला हवं होतं. पीत बसला असणार महिनोन्महिने, आणि मी हात बघत बसलो."

भरती यायच्या आत सुकाणू काढायचं होतं. मी आणि नोल्फाने पात्याखाली गोटे उपसून खड्डा केला, दांडा खाली उतरायला जागा हवी म्हणून. वरून तांडेल लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीने ठोकत होते. दांडा इंचाइंचाने खाली आला, शेवटी सुटला आणि नोल्फाच्या कुशीत येऊन आदळला. चकचकीत झाला होता, घासून घासून. बुशाच्या आत माझं बोट घातलं तर कड आत आलेली लागली.

पितळी बुश आचाओहून यायला वेळ लागणार होता. तोवर नायलॉन आतून खरवडायचा. तांडेलांनी सवयीने विचारलं, "माझी गोल कानस..." आणि थांबले. ती पेटीबरोबर केनाकला गेली होती. मी शेजारून एक आणली. बोथट होती. तिनेच ते खरवडत बसले, पाणी गोट्यांतून वर चढत असताना. नोल्फा शेजारी दिवा धरून उभी होती, आत अंधार होता म्हणून.

तेव्हाच ते तिच्याशी बोलले. वर न बघता.

"रोज विचारत होतो मी तुला."

"हो."

"एकदा तरी."

"मला वाटलं लोक म्हणतील हिला झेपत नाही. आणि तुम्हीही म्हणाल."

"मी?" कानस थांबली. "मी म्हटलं असतं, पिन काढून बघ. एवढंच म्हटलं असतं, गं."

ती रडायला लागली. ते खरवडत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "दिवा हलवू नकोस." तेवढंच. पाणी पात्याला लागायच्या आत आम्ही सुकाणू परत वर चढवलं, पट्टी जोडली, पिन घातली. तांडेलांनी उजवा लोखंडी हात तळव्याने ढकलला. झुलला.

लाँच तरंगली तेव्हा नोल्फा चाकापासून बाजूला झाली. "बाबा, तुम्ही घ्या."

त्यांनी घेतलं. एका हाताने फिरवलं, उजवीकडे पूर्ण, डावीकडे पूर्ण. खाडीत आठाचा आकडा काढावा तशी लाँच वळवली. नोल्फा हसत होती, डोळे पुसत होती, आणि मीही, खोटं कशाला बोलू, टोपी काढून हातात घेतली होती. समोरच्या बेटाच्या बाजूने वळसा घेऊन आम्ही आमच्या धक्क्याकडे परत निघालो. किनाऱ्यावर बातमी पोचली होती, लोक जमले होते. धक्का जवळ आला. तिथे दोन होड्या बांधलेल्या होत्या.

तांडेलांनी इंजिनं हळू केली. मग अजून हळू. मग पूर्णच बंद केली आणि लाँच नुसती वाहू लागली.

"बाबा? काय झालं?"

"तू घे."

"आता चाक मोकळं आहे. तुमच्या हातांना काही..."

"हात नाही गं." त्यांनी चाक सोडलं होतं आणि भिंतीला धरून उभे होते. चेहरा पांढरा पडला होता. "धक्का बघितला की ती होडी दिसते, फळ्या मोडतानाचा आवाज येतो. मला वाटलं होतं आज नाही येणार. घे, वाहत चाललोय आपण. घे लवकर."

तिने चाक घेतलं आणि लाँच धक्क्याला लावली. छान लावली. वरून कुणीतरी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं तांडेलच चाकावर आहेत. गर्दीत ओर्तेन्सियाबाई होत्या. बरं झालेलं मनगट दुसऱ्या हाताने धरून पुढे आल्या आणि तांडेलांना म्हणाल्या, "मी बोलले होते ते मागे घेते, एवारिस्तो. लोकांसमोर बोलले होते, लोकांसमोरच घेते."

"तुम्ही खरंच पडलात ना, बाई," ते म्हणाले. "त्यात तुमचं काय चुकलं?" आणि चढावर घराकडे चालू लागले.

नोल्फाने पुढे खूप प्रयत्न केले. शांत दिवशी, रिकाम्या लाँचमध्ये, बांधलेली एकही होडी नसताना. ते आढेवेढे न घेता यायचे, खाडीभर मजेत चालवायचे, आणि धक्का दिसू लागला की चाक तिच्या हातात द्यायचे. पितळी बुश आला, तो त्यांनीच बसवला. पुतण्याने पेटी परत आणून दिली, तर ती त्यांनी घेतली आणि उघडली नाही. वसंतानंतर ते खाडीतही चाक मागेनासे झाले. आचाओला काम असलं की इतरांसारखे येतात, आत गरम पाइपाशी बसतात, बायकांशी बटाट्याच्या किडीबद्दल बोलतात. लोक त्यांना अजूनही तांडेल म्हणतात. नोल्फाला कुणी तशी हाक मारली तर ती आधी मागे वळून बघते.

गेल्या आठवड्यात ते उतरून गेले आणि ती केबिनच्या दारात उभी राहून त्यांना चढ चढताना पाहत होती. मी दोर गुंडाळत होतो.

"रोसामेल," ती म्हणाली, "पहिल्या संध्याकाळी मी खरं सांगितलं असतं, तर मार्चची ती भीती मुरायला वेळच मिळाला नसता. आठवडाभरात परत चाकावर बसले असते ना ते?"

मला वाटतं, बसले असते. धक्क्यावर लोक मेंढ्या घेऊन उभे होते, पाऊस वाढत होता. मी पहिली मेंढी आत ओढली. तिने इंजिनं चालू केली.